सारा, खोत आणि वकील

करांचे तंटे चालविणारा वकील म्हटला म्हणजे मुंबईतील एखादी कचेरी, हिशेबाच्या वह्यांचे ढीग आणि प्राप्तीवरील कराचे अपील असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. हे चित्र खोटे नाही. पण ते फार जुनेही नाही. हिंदुस्थानात प्राप्तीवर कर प्रथम बसविला तो जेम्स विल्सन यांनी १८६० साली. पाच वर्षांनी तो उठला, निरनिराळ्या नावांनी परत आला, आणि १८८६ च्या कायद्यापासून कायमचा झाला. त्या कायद्याने शेतीचे उत्पन्न मात्र करातून वगळले. प्राप्तिकराच्या अपिलांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण निघाले ते तर १९४१ साली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात करांच्या तंट्यांवर ज्यांचा संसार चालत असे अशा वकिलांचा शोध घ्यावयाचा, तर तो पेढ्यांच्या पाटीखाली न घेता शेताच्या बांधावर घेतला पाहिजे. सरकारच्या तिजोरीचा मुख्य आधार जमिनीचा सारा हा होता, आणि साऱ्याचा तंटा जितका रत्नागिरी जिल्ह्यात माजला तितका मुंबई इलाख्यात क्वचितच कोठे माजला असेल. त्याचे कारण खोती.

खोत म्हणजे कोण, या साध्या प्रश्नाचे उत्तर देण्यातच इंग्रज सरकारची पाऊणशे वर्षे गेली. घाटावर सरकार आणि रयत यांच्यामध्ये पाटील उभा असे. पण पाटील हा गावचा अधिकारी. कोकणात त्या जागी खोत होता. गावाचा ठरलेला सारा सरकारात भरण्याची हमी तो घेई, त्याबद्दल दरसाल कबुलायत लिहून देई, आणि गावातील कुळांकडून आपल्या हक्काप्रमाणे वसूल घेई. ओसाड पडलेली गावे लागवडीस आणण्याच्या अटीवर अशा खोत्या दिल्याचे दाखले पेशवाईच्या पूर्वीचे, आदिलशाहीपर्यंत मागे जाणारे आहेत. काही घराण्यांकडे सनदा होत्या, काहींकडे केवळ पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट. १८१८ साली कोकण कंपनी सरकारच्या हाती आले तेव्हा नव्या अधिकाऱ्यांपुढे प्रश्न पडला: हा मनुष्य साऱ्याचा मक्तेदार आहे की गावाचा मालक? मक्तेदार असेल तर मक्ता बदलता येतो. मालक असेल तर कुळांच्या आणि त्याच्यामध्ये सरकारने पडण्याचे कारण नाही. बाकीचे सर्व वाद या एका वादातून निघाले.

कुळांतही एकसारखेपणा नव्हता. वरच्या पायरीवर धारेकरी. त्याची जमीन त्याच्या मालकीची. सरकारचा धारा तेवढा तो खोतामार्फत भरी, आणि खोतास त्यातून वरकड काही मिळत नसे. त्याखाली दीडपट धारा देणारे दिढीवाले, दुप्पट देणारे दुपटकरी, असे अर्धवट हक्कांचे लोक. आणि सर्वांखाली अर्धेली व तिर्धेलीची कुळे. भाताच्या जमिनीत पिकाचा अर्धा भाग आणि वरकस डोंगरउतारावर, जेथे नाचणी-वरी होते तेथे, तिसरा भाग असा सामान्य रिवाज होता. पीक उभे असताना खोत किंवा त्याचा कारकून शेतावर जाऊन अंदाज बांधी; त्याला अभावणी म्हणत. अभावणीत मण जास्त धरला की कुळाच्या घरातील मण कमी झाला, आणि माप कोणाचे लावावयाचे हा तंटा निराळाच, कारण मापे गावोगाव वेगळी. याखेरीज आठवेठ होती, म्हणजे आठ दिवसांतून एक दिवस खोताच्या कामावर फुकट राबणे, नांगरवेठ होती. ह्या गोष्टी कोणत्याही साऱ्याच्या तक्त्यात लिहिलेल्या नसत. कागदावर जो कर दिसतो आणि कसणाऱ्याला जो द्यावा लागतो त्यांतील हे अंतर ध्यानात घेतल्यावाचून पुढच्या कज्जांचा अर्थ लागणार नाही.

१८५१ साली विंगेट यांनी खोतीविषयी सरकारास अहवाल दिला. त्यानंतर मोजणीची साखळी कोकणात उतरली, आणि १८६५ च्या सर्व्हे कायद्याने मोजणी अधिकाऱ्यास कुळांनी खोतास काय द्यावयाचे हेही ठरविण्याचा अधिकार दिला. खोतवर्ग खवळला. पिकाच्या हिश्श्याऐवजी साऱ्याच्या पटीत बांधलेली रक्कम घ्यावयाची, तर दाण्याचे भाव वाढल्याचा लाभ आपला राहणार नाही, हे त्याने तत्काळ ओळखले. उलट कित्येक कुळांना प्रथमच कोठेतरी आपले नाव लिहिले जात आहे असे दिसले. मोजणीदारापुढे, कलेक्टरापुढे, कोर्टापुढे कागद येऊ लागले. आणि कागद आले म्हणजे वकील आलाच.

या वकिलांत अग्रेसर गृहस्थ म्हणजे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक. त्यांचा जन्म १८३३ साली दापोली तालुक्यातील समुद्रकाठच्या मुरुड गावी, खोताच्या घराण्यात झाला. एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण घेऊन त्यांनी सुमारे दहा वर्षे निरनिराळ्या सरकारी हुद्द्यांवर काढली आणि मग नोकरी सोडून नव्या हायकोर्टात वकिली पत्करली. ते बॅरिस्टर नव्हते. विलायतेस गेलेही नाहीत. १८६४ साली त्यांनी ‘नेटिव्ह ओपिनियन’ पत्र काढले. १८७४ पासून ते मुंबईच्या कायदेकौन्सिलात बसले आणि दहा वर्षांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले. ‘व्यवहारमयूख’ आणि याज्ञवल्क्यस्मृती यांचे त्यांचे इंग्रजी भाषांतर १८८० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. आणि त्याच साली खोतीचा कायदा मंजूर झाला. हा योगायोग असेल, परंतु त्यात मंडलिकांच्या वकिलीची सर्व पद्धत दिसून येते. हक्क हा जुन्या लेखातून सिद्ध करावयाचा, ही ती पद्धत. मुरुड गावाच्या वसाहतीची हकीगत सांगणाऱ्या एका जुन्या कागदावर त्यांनी एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे निबंध वाचला होता. वरवर पाहता तो इतिहासाचा निबंध. पण गाव कोणी वसविले, जमीन कोणी तोडली, वाटणी कोणी केली, हे प्रश्न खोताच्या कैफियतीतील पहिल्या कलमाचे प्रश्न होते.

मंडलिकांचे म्हणणे थोडक्यात असे की, खोत हा सरकारचा मक्तेदार नसून वतनदार आहे, त्याचा हक्क वंशपरंपरेचा आहे, आणि सरकारने आपला सारा घेऊन स्वस्थ बसावे. वकील या नात्याने ही बाजू अत्यंत समर्थ होती. सरकारी अधिकाऱ्यांत परस्परविरुद्ध मते होती आणि ती सर्व छापील दप्तरांत पडून होती. कँडी नावाच्या अधिकाऱ्याने खोतीसंबंधीचे निवडक कागद टिपणांसह १८७३ साली छापलेही होते. विरुद्ध पक्षाच्याच दप्तरातून आपला पुरावा काढणे यासारखे सुख वकिलाला दुसरे नाही. तथापि एक उणीव या बाजूत होती, ती स्पष्ट सांगितली पाहिजे. जुना लेख हा लिहिणाऱ्याच्या घरी असतो. ज्याने गाव वसविले त्याची सनद राहते. ज्यांनी दगड फोडून खाचरे बांधली त्यांची सनद कोणी लिहून ठेवलेली नसते. मंडलिकांसारख्या निःस्पृह, करारी आणि विद्वान पुरुषालाही ही उणीव उणीव म्हणून फारशी जाणवली असे दिसत नाही.

मध्यंतरी वकिलांच्या मार्गात एक मोठी धोंड येऊन पडली होती. कारवारकडील जमीनधारकांनी वाढीव साऱ्याविरुद्ध सरकारवर लावलेला दावा हायकोर्टात १८७५ साली निकालात निघाला. सरकार जिंकले, पण साऱ्याचा आकडा योग्य की अयोग्य याचा खल दिवाणी कोर्टात इतक्या विस्ताराने व्हावा, हेच सरकारास रुचले नाही. पुढच्याच वर्षी, १८७६ साली, महसुली अधिकारक्षेत्राचा कायदा आला. साऱ्याची रक्कम किंवा तिची आकारणी याविषयी सरकारविरुद्ध तक्रार असेल तर ती दिवाणी कोर्टाने ऐकावयाची नाही, आणि जे दावे ऐकण्याजोगे उरतील त्यांतही आधी महसूल खात्यातील सर्व अपिले संपविल्याखेरीज कोर्टाची पायरी चढावयाची नाही, असे त्यात ठरले. कर बसविणारा आणि त्या कराविरुद्धची तक्रार ऐकणारा हे एकाच खात्याचे दोन अधिकारी झाले. आजच्या प्राप्तिकराच्या वकिलालाही अपिलाची पहिली पायरी खात्यातच चढावी लागते. परंतु त्याच्यापुढे वरची दारे उघडी असतात. १८७६ नंतरच्या कोकणातील वकिलापुढे, साऱ्याच्या आकड्यापुरते तरी, वरचे दार बंदच होते.

मग त्याने करावयाचे काय? वकिलाची बुद्धी पाण्यासारखी असते, ती वाट काढते. सरकारविरुद्ध आकड्याचा वाद करता येत नसेल, तर खोत आणि कूळ यांच्यामधील हक्काचा वाद करता येतो. १८८० च्या खोती कायद्याने या वादाला भरपूर जागा करून दिली. त्या कायद्याने खोताचा हक्क वारसाने चालणारा आणि हस्तांतर करता येणारा म्हणून मान्य केला. मंडलिकांच्या पक्षाला यात बरेच मिळाले. दुसऱ्या बाजूने दीर्घ आणि सलग वहिवाट सिद्ध करणाऱ्या कुळास कायम कूळ मानले, त्याचा हक्क वारसाने चालेल असे म्हटले; परंतु तो विकण्यास, गहाण ठेवण्यास सामान्यतः खोताची संमती लागे. असे कूळ राजीनामा देऊन जमीन सोडील तर ती खोताच्या स्वाधीन होई. आणि प्रत्येक गावात कोण कोणत्या दर्जाचा, कोणी किती द्यावयाचे, याचे पत्रक मोजणी अधिकाऱ्याने तयार करावयाचे. या पत्रकास रत्नागिरीच्या बोलीत बोटखत म्हणत. त्यातील देण्याविषयीची नोंद हा अंतिम व निर्णायक पुरावा मानला जाई.

अंतिम व निर्णायक! या दोन शब्दांनी किती घरे उभी केली आणि किती बसविली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. बोटखत लिहिणारा अधिकारी गावात येई तेव्हा खोताच्या बाजूने मोडी दप्तराचे रुमाल सोडून बसलेला कारभारी असे, बहुधा वकिलाचा सल्ला घेतलेला. कूळ एकटे येई. ‘तुझा बाप ही जमीन किती वर्षे करीत होता?’ या प्रश्नाला त्याचे उत्तर ‘आजापासून’ असे. आजा केव्हा वारला, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत कसली, मध्ये एखादे वर्ष तो मुंबईस गिरणीत गेला तेव्हा शेत कोणी केले, याचा दाखला त्याच्याजवळ कोठून असणार? पावती देण्याची चाल असती तर पावत्या असत्या. ‘कायम’ लिहिले की ‘साधे’ लिहिले, एवढ्यावर पुढील तीन पिढ्यांचा निकाल लागे.

या काळातील तालुक्याच्या गावचा मध्यमवयीन वकील कसे दिवस काढी, याची कल्पना कायद्याच्या रचनेवरूनच करता येते. सकाळी ओटीवर पक्षकार. त्यांत एखाद्या खोताचा हिस्सेदार असावयाचाच. कारण खोतीचे वाटे पडत पडत रुपयाचे आणे आणि आण्याच्या पया झाल्या होत्या, आणि ज्याची पाळी असेल त्या हिस्सेदाराने त्या वर्षी गावाचा वसूल करावयाचा. त्याने हिशेब दिला नाही की बाकीच्यांची फिर्याद. खोतीच्या कज्ज्यांत खोत विरुद्ध कूळ हे जसे होते तसे खोत विरुद्ध खोत हेही होते, आणि वकिलाच्या दृष्टीने दुसरा प्रकार अधिक बरकतीचा, कारण दोन्हीकडे पैसे देणारे. मग कचेरी. १८७९ च्या जमीनमहसुलाच्या कायद्याप्रमाणे वरिष्ठ धारकास कुळाकडून येणे वसूल करण्यास सरकारी मदत मागता येई. तो अर्ज मामलेदारापुढे. खोताने कबुलायत दिली नाही तर गाव सरकारजप्तीत जाई; ती उठविण्यासाठी कलेक्टरापुढे धाव. कलेक्टराच्या हाताखालच्या अधिकाऱ्याच्या निर्णयावर अपिलाची मुदत साठ दिवसांची, इतर निर्णयांवर नव्वद दिवसांची. आणि पावसाळ्यात खाड्या भरल्या, तरी बंद, वाटा बुडालेल्या, अशा जिल्ह्यात साठ दिवस म्हणजे फार नव्हेत. दुपारनंतर दुय्यम न्यायाधीशाच्या कोर्टात ताब्याचा दावा. रात्री दिव्याशी बसून मोडी वाचन. या माणसाला इंग्रजी कायदा, देशी वहिवाट, भातशेतीचे गणित आणि चार गावांच्या घराण्यांच्या वंशावळी इतके सर्व यावे लागे. त्याला केवळ कज्जेदलाल म्हणून मोडीत काढणे हा अन्याय होईल. परंतु त्याची विद्या विकत घेण्याची ऐपत गावात कोणाला होती, हा प्रश्न त्यामुळे पुसला जात नाही.

देशभक्त म्हणून ज्यांची कीर्ती दिगंत झाली त्यांतील पुष्कळांचे या प्रश्नावर मौन होते किंवा खोतांकडे कल होता. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांच्या घराण्याकडेही चिखलगावच्या खोतीचा वाटा होता. सरकार कायद्यात फेरफार करू लागले की तो रयतेच्या कल्याणासाठी नसून सत्ता वाढविण्यासाठी आहे, असा संशय त्या पिढीस येई. आणि तो संशय सर्वथा निराधार होता असेही नव्हे. मात्र यात कुळाचे गाऱ्हाणे दोन्हीकडून बाजूस राहिले.

ते गाऱ्हाणे ज्याने कायद्याच्या भाषेत मांडले तो वकीलही रत्नागिरी जिल्ह्याचाच. दापोलीला लागून मंडणगड तालुका आहे. त्यातील आंबडवे हे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे मूळ गाव. बालपणी काही काळ ते दापोलीत राहिले होते. करांच्या शास्त्राशी त्यांचा संबंध वकिलीच्या आधीपासूनचा. मध्यवर्ती आणि प्रांतिक सरकारांत कराच्या उत्पन्नाची वाटणी कशी होत गेली, या विषयावरील त्यांचा प्रबंध १९२५ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाला. १९२३ पासून ते मुंबईत बॅरिस्टरी करीत होते. सॉलिसिटरांकडून मोठी कामे मिळावीत तर जात आड येई, म्हणून व्यापारी कायदा शिकविण्याचे कामही त्यांनी काही वर्षे केले. परळच्या दामोदर हॉलमधील त्यांच्या कचेरीत कोकणातून गिरणीत आलेली माणसे गावाकडचे कागद घेऊन येत. त्यांच्या सगेसोयऱ्यांना गावी खोताचे कूळ म्हणून राबावे लागे, आणि अस्पृश्यांच्या वाट्यास तर वेठीचा भार दुहेरी येई.

दरम्यान शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावी, १९३३ साली कुळांनी जमिनी कसण्याचे थांबविले. नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली तो संप कित्येक वर्षे चालला. कुळाची बाजू कोर्टात मांडता येत नसेल तर ती बांधावर मांडता येते, हे त्या संपाने दाखविले. आंबेडकरांचा त्याला पाठिंबा होता.

१९३७ साली नवे कायदेमंडळ भरले. १७ सप्टेंबर रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. या विधेयकाची मांडणी लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. ते एखाद्या चिडलेल्या माणसाचे फर्मान नव्हते. खोतास वाजवी मोबदला द्यावयाचा. कसणाऱ्या कनिष्ठ धारकास १८७९ च्या कायद्याखालील कबजेदाराचा दर्जा द्यावयाचा. आणि सरकार व कसणारा यांमधील मधला हात काढून रयतवारी चालू करावयाची, असे त्याचे तीन भाग. मंडलिकांनी जुन्या लेखांतून खोताचा हक्क सिद्ध केला होता. आंबेडकरांनी तो हक्क खोटा आहे असे सिद्ध करीत बसण्याचा मार्गच सोडून दिला. हक्क असेल तर त्याची किंमत मोजू, पण ही पद्धत चालू देणार नाही, असा त्यांचा पवित्रा. ज्या वादात विरुद्ध पक्षाजवळ सर्व दप्तर आहे तो वाद दप्तरावर लढू नये, हे वकिली कौशल्य मंडलिकांच्या कौशल्याहून कमी नव्हे.

१० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. कोकणातून मुंबईस येण्याचा सोयीचा मार्ग त्या काळी आगबोटीचा. धक्क्यावर उतरून, लाल बावटे आणि घोषणा घेऊन, ज्यांच्यापैकी पुष्कळांनी कलेक्टराची कचेरीही आतून पाहिली नव्हती ते लोक मुख्य प्रधानांना भेटावयास आले. मुख्य प्रधान होते बाळ गंगाधर खेर. तेही रत्नागिरीत जन्मलेले आणि धंद्याने सॉलिसिटर! एकाच जिल्ह्याच्या मातीतील दोन कायदेपंडित त्या दिवशी एकमेकांसमोर आले. खेरांनी शिष्टमंडळाचे म्हणणे सौजन्याने ऐकून घेतले; पण विधेयक पुढे सरकले नाही. १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामे दिले आणि युद्धाच्या गर्दीत खोती आणखी दहा वर्षे जगली.

शेवटी खेरांच्याच दुसऱ्या मंत्रिमंडळाने खोती रद्द करण्याचा कायदा केला. तो १९४९ चा कायदा म्हणून ओळखला जातो आणि १९५० च्या मे महिन्यात अमलात आला. मंडलिकांना जाऊन तेव्हा एकसष्ट वर्षे झाली होती. आंबेडकर दिल्लीस कायदामंत्री होते. पण वकिलांचे काम संपले नाही, उलट काही काळ वाढलेच. खोती रद्द करावयाची तर कोणती जमीन खोताची खासगी आणि कोणती खोती निसबत, कोण धारेकरी, कोण कायम कूळ, कोणाला किती मोबदला, हे आधी ठरले पाहिजे. नव्या कायद्याला हे शब्द १८८० च्या कायद्यातूनच उचलावे लागले. तेव्हा रत्नागिरीच्या कचेऱ्यांतून बोटखतांचे रुमाल पुन्हा एकदा सोडण्यात आले, आणि आपल्या आजाचे नाव त्यात कसे लिहिले आहे हे विचारावयास कुळे पुन्हा वकिलाच्या ओटीवर येऊन बसली.